एकाच सभागृहात सकाळी व्याख्यान, संध्याकाळी मैफल, लॉबीत चित्रं: तयारी नेमकी कशी करायची?

फिरता_मंच

कॅम्पसवरच्या सांस्कृतिक कार्यक्रमांचे धागे बहुतेकदा "कोणाला बोलवायचं" इथेच संपतात. पाहुणे ठरल्यावर जे काम सुरू होतं त्याच्यासाठी हा धागा.

गृहीत धरा: ३०० खुर्च्यांचं सभागृह, जमीन सपाट, मंच ९० सेंमी उंच, एक प्रोजेक्टर, एक मिक्सर, मंचाच्या दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर. सकाळी ११ ला अतिथी व्याख्यान, संध्याकाळी ६ ला गायन-वादन, लॉबीत दिवसभर विद्यार्थ्यांच्या चित्रांचं प्रदर्शन. हाताशी दहाबारा स्वयंसेवक.

प्रश्न तीन. (१) वक्त्याला कॉलर माईक द्यावा की पोडियमवरचा? (२) व्याख्यानाला ठीक वाटणारं सेटिंग मैफलीला का चालत नाही? (३) चित्रं किती उंचीवर टांगायची? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

खर्जातला

(१) पासून सुरुवात करतो, कारण निम्मी भांडणं इथलीच.

माईक कुठल्या कंपनीचा यापेक्षा तो तोंडापासून किती लांब आहे हे बघा. अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. गालापाशी बसणारा हेडसेट माईक तोंडापासून ५ सेंमीवर असतो, शर्टावरचा कॉलर माईक २० सेंमीवर. अंतर दोनदा दुप्पट, म्हणजे १२ डेसिबल कमी. ते भरून काढायला मिक्सरवर गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) चढवावा लागतो. गेन चढला की स्पीकरमधून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर पडतो आणि शिट्टी सुरू होते. मग सगळे ऑपरेटरकडे रागाने बघतात. दोष बिचाऱ्याचा नसतो, अंतराचा असतो.

पोडियमवरच्या लवचिक मानेच्या माईकला दुसरा रोग आहे: वक्ता पडद्याकडे वळून बोलू लागला की आवाज गायब. कागदावरून वाचणाऱ्यांना तो उत्तम. स्लाइड दाखवत फिरणाऱ्यांना हेडसेट.

पोडियमवर शोभेसाठी दोन माईक लावायची खोड सोडा. एकच तोंड दोन माईकमध्ये किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतं, काही स्वर एकमेकांना मारतात आणि वक्त्याने मान हलवली की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. दोन असतीलच तर एक बंद ठेवा.

परिसंवादात चार वक्ते असतील तर चारही माईक सतत उघडे नकोत. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. एकावरून चारवर गेलात की ६ डेसिबल गेले. शेजारच्या दोन माईकांमधलं अंतर प्रत्येकाच्या तोंडापासूनच्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा: तोंड ३० सेंमीवर असेल तर माईक ९० सेंमी लांब.

पडद्यामागे

हेडसेटबद्दल थोडा मतभेद. बसवायला वेळ लागतो, चष्मा आणि केसांत अडकतो, आणि काही वक्त्यांना तो नकोच असतो. पाहुणे १०.५५ ला आले तर त्यांच्या कानाभोवती तार वळवत बसायची ती वेळ नव्हे. अशा वेळी कॉलर माईक बरा, फक्त नीट लावा:

- हनुवटीखाली वीतभर अंतरावर, छातीच्या मध्यरेषेवर. गळ्याला अगदी चिकटवला तर हनुवटीची सावली पडते आणि आवाज बसका येतो.
- तारेचा छोटा वेढा क्लिपमध्येच अडकवा, म्हणजे तार ओढली गेली तरी माईकला हिसका बसत नाही.
- ट्रान्समीटरची अँटेना खिशात दुमडून कोंबू नका. शरीर लहरी शोषून घेतं. पट्ट्याला अडकवून अँटेना मोकळी लोंबू द्या.
- सेल प्रत्येक सत्राला नवे. "अजून दोन कांड्या दाखवतोय" यावर विसंबू नये.

आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी गंमत: आयोजकच पाहुण्यांच्या गळ्यात ओळखपत्र घालतात. ते ओळखपत्र तासभर कॉलर माईकवर टकटक आपटत राहतं. मंचावर जाण्याआधी ते काढून घ्या.

खर्जातला

@पडद्यामागे, ओळखपत्राला जोरदार अनुमोदन. आणि वायरलेस संच २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असेल तर तालीम रिकाम्या सभागृहात उत्तम होते आणि ३०० लोक ३०० फोन घेऊन आत आले की तुटायला लागते, कारण वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात असतात. रिसीव्हर मंचाजवळ, माईकला थेट दिसेल असा ठेवा. मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाआड नको. एक वायरचा माईक चालू अवस्थेत पोडियमखाली तयार असलाच पाहिजे.

लेसर_नको

प्रोजेक्टरचं कोणी बोललं नाही. पडदा ३ मीटर रुंद आणि १.७ मीटर उंच धरा, म्हणजे साधारण ५ चौरस मीटर. ४००० ल्युमेनचा (म्हणजे एकूण उजेड) प्रोजेक्टर त्यावर सुमारे ८०० लक्स (दर चौरस मीटरला तितके ल्युमेन) टाकतो. सभागृहातले दिवे त्याच पडद्यावर २०० लक्स सांडत असतील तर "काळा" रंग २०० च्या खाली जाऊच शकत नाही. उजळ आणि काळ्याचं प्रमाण ५ ला १ वर येतं, फोटो धुवून निघाल्यासारखे दिसतात. तेच सांडणारा उजेड २० लक्सवर आणला की प्रमाण ४० ला १. म्हणून नवा प्रोजेक्टर मागण्याआधी पडद्यावरची ट्यूबलाइटची रांग वेगळ्या बटणावर घेता येते का ते बघा. सगळं सभागृह अंधारं करू नका. अंधारात टिपणं घेता येत नाहीत, आणि जेवणानंतरचं सत्र असेल तर पुढचं सांगायला नको.

जमीन सपाट आहे म्हटलंय, तेव्हा पडद्याची खालची कड जमिनीपासून २ मीटरवर असेल तरच मागच्या रांगा तळ बघू शकतात. तेवढी उंची नसेल तर वक्त्याला आधीच कळवा: स्लाइडचा खालचा चौथा भाग रिकामा ठेवा, अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको.

वक्त्याला आठवडाभर आधी विचारायच्या गोष्टी: लॅपटॉप स्वतःचा की इथला, एचडीएमआय आहे की यूएसबी-सी, स्लाइड १६:९ की ४:३, आवाज असलेला व्हिडिओ आहे का. स्लाइडची पीडीएफ प्रतही मागून ठेवा. फाँट त्या लॅपटॉपवर नसेल तर जोडाक्षरं फुटतात, पीडीएफमध्ये फुटत नाहीत (फाँट आत बांधलेला असेल तर). साधी एचडीएमआय तार १०-१५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, मध्येच चित्र जातं-येतं. लांब जायचं तर ऑप्टिकल एचडीएमआय किंवा नेटवर्क केबलवरून नेणारा जोडसंच.

नवखा_स्वयंसेवक

लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जोडला की गुंईऽऽ असा आवाज येतो. चार्जर काढला की थांबतो. मग बॅटरीवरच चालवायचं का? आणि प्लगची अर्थची पिन काढून टाकली तरी थांबतो म्हणे?

खर्जातला

अर्थची पिन अजिबात काढू नका. ती जीव वाचवण्यासाठी असते. गुणगुण थांबते आणि बिघाड झाला की तोच प्रवाह माईक धरलेल्या माणसातून जातो.

कारण असं: लॅपटॉपला चार्जरमार्फत एक अर्थ मिळतो, मिक्सरला दुसऱ्या प्लगवरून दुसरा. ऑडिओच्या तारेचं कवच या दोघांना जोडतं आणि एक वेटोळं तयार होतं. त्या वेटोळ्यातून वाहणारा बारीक प्रवाह म्हणजे तुमची गुंई. उपाय म्हणजे डीआय बॉक्स, लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची छोटी डबी. आत ट्रान्सफॉर्मर असलेला घ्या, त्यावर "ग्राउंड लिफ्ट" बटण असतं, ते दाबा. ते फक्त ऑडिओच्या तारेची जमीन तोडतं, विजेची नाही. लॅपटॉप ते डीआय ही तार दोन-तीन मीटरचीच ठेवा, पुढे मिक्सरपर्यंत तीन पिनांची एक्सएलआर तार कितीही लांब न्या. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घेतले तरी बराच फरक पडतो.

षड्ज_पंचम

आता (२). इथे सभागृहाचा घुमारा येतो. टाळी वाजवल्यावर आवाज ६० डेसिबल विरायला किती सेकंद लागतात तो घुमाऱ्याचा काळ. बोलण्याला १ सेकंदाच्या आसपास हवा, नाहीतर शब्द एकमेकांवर चढतात. गाण्याला थोडा जास्त चालतो, मोठ्या वाद्यवृंदाला तर २ सेकंदांपर्यंत हवासा वाटतो. म्हणजे एकच खोली दोघांना आदर्श असणं अवघड, मधला मार्ग काढावा लागतो.

हिशोब साधा आहे. ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. सभागृह २००० घनमीटर, रिकामं असताना शोषण २०० चौरस मीटर: ३२२ भागिले २०० म्हणजे १.६ सेकंद. ३०० माणसं येऊन बसली, दर माणशी ०.४५ धरलं तर १३५ ची भर: ३२२ भागिले ३३५ म्हणजे ०.९६ सेकंद. खुर्च्या प्लास्टिकच्या असतील तर इतका फरक पडतो. गादीच्या खुर्च्या रिकाम्या असतानाही शोषतात, तिथे फरक कमी.

याचा व्यवहारातला अर्थ: रिकाम्या सभागृहात साउंड चेक करताना खणखणाट वाटतो म्हणून वरच्या पट्ट्या कापून टाकू नका. लोक भरले की तोच आवाज मेलेला वाटेल. आणि उलट, व्याख्यानाला पन्नासच लोक आले तर त्यांना पुढे मधोमध बसवा, मागचे पडदे ओढा.

सकाळचं सेटिंग का चालत नाही तेही यात आलं. बोलण्यासाठी १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलेलं असतं (धप्प आणि पंख्याची घरघर जावी म्हणून), आणि शब्द कळावेत म्हणून २ ते ४ किलोहर्ट्झ उचललेलं असतं. तेच डग्ग्याला लावलं की घुमार गेला, तारवाद्याला लावलं की कर्कश. दोन वेगळी सेटिंग जतन करा. डिजिटल मिक्सरवर सीन सेव्ह होतो. जुन्या मिक्सरवर सगळ्या बटणांचा फोटो काढून ठेवा, हसू नका, तो फार कामाला येतो.

वाद्यांचं वेगळं. तापलेल्या दिव्यांखाली तार प्रसरण पावते, स्वर उतरतो. दमट हवेत कातडं सैल पडतं, तबला उतरतो. एसीच्या कोरड्या हवेत कातडं ताणून चढतो. म्हणून एसी आणि मंचावरचे दिवे कार्यक्रमाच्या निदान दोन तास आधी जसे राहणार तसे लावून ठेवा आणि वाद्यं तिथेच, झोत थेट अंगावर येणार नाही अशी, ठेवू द्या. वादक सुरात लावून बसले आणि मग कोणी एसी चालू केला तर पहिली पंधरा मिनिटं जुळवण्यातच जातात.

खर्जातला

भर घालतो. मैफलीत कलाकारांसमोर त्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर स्पीकर असतात. नेहमीचा कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक सगळ्यात बहिरा असतो तो बरोबर पाठीमागे, तेव्हा मॉनिटर माईकच्या शेपटीच्या रेषेत ठेवा. सुपरकार्डिऑइडला (समोरचं त्याहून अरुंद ऐकणाऱ्याला) पाठीमागून थोडं ऐकू येतं, त्याची बहिरी जागा साधारण १२५ अंशांवर, म्हणजे मागे पण तिरकी. माईक बदलला आणि मॉनिटर तिथेच ठेवला की शिट्टी. निवेदकांना एक सांगा: माईकची जाळी मुठीत धरायची नाही. जाळीमागच्या फटी झाकल्या की तो चहूबाजूंनी ऐकू लागतो.

कंडेन्सर माईकला मिक्सरमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. ते बटण दाबताना किंवा तार जोडताना तो चॅनल म्यूट हवा, नाहीतर स्पीकरमध्ये धडाम. चालू करताना ॲम्प्लिफायर शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

विंगेतून

दिव्यांचं थोडक्यात. समोरून दोन दिवे, वक्त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंनी ४५ अंशांवर आणि वरून ४५ अंशांवर. एकच दिवा बरोबर समोरून टाकला की चेहरा सपाट आणि सावली पडद्यावर. पोडियम पडद्यापासून दीडदोन मीटर पुढे आणि बाजूला घ्या, प्रश्न सुटतो. डोक्यावरचे दिवे एकटे लावू नका, डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात.

डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि साउंड एकाच सर्किटवर नको, डिमरची खरखर स्पीकरमध्ये उतरते. १००० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर घेतो. आधी बेरीज करा, मग बोर्डावर बोर्ड लावा.

खिळा_हातोडी

(३). चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी. सगळ्या भिंतीसाठी एकच आकडा ठरवा आणि तो सोडू नका. वरच्या कडा जुळवायचा मोह होतो, पण लहानमोठी चित्रं असतील तर मध्य जुळलेलीच शांत दिसतात.

खिळ्याची उंची अशी काढा: मध्यरेषा, अधिक चित्राच्या उंचीचा अर्धा, वजा तार ताणल्यावर तिचा माथा चौकटीच्या वरच्या कडेपासून जितका खाली येतो ते अंतर. चौकट ७० सेंमी, तार ९ सेंमी खाली: १५० + ३५ − ९ = १७६ सेंमी. तार बोटाने ताणूनच मोजा, सैल तार मोजली की चित्र खाली जातं.

तार फार ताठ बांधू नका. तार आडव्या रेषेशी ३० अंशांत असेल तर तिच्या प्रत्येक बाजूवर चित्राच्या वजनाइतकाच ताण येतो. १० अंशांवर आणली तर जवळजवळ तिप्पट. काचेच्या जड चौकटी रात्रीत पडतात त्या यामुळे. खिळा शाबूत असतो, कडीचा स्क्रू उपटून येतो. ६० सेंमीपेक्षा रुंद चित्राला दोन खिळे, म्हणजे ते वाकडंही होत नाही.

कागदावरच्या कामाला (जलरंग, शाई, फोटो) ५० लक्स, तैलरंगाला २०० लक्सपर्यंत. ५० लक्सवर दहा तास म्हणजे ५०० लक्स-तास. काचेतून येणारा उन्हाचा पट्टा ५०,००० लक्सचा असेल तर तासाभरात तेवढ्याच प्रकाशाचे शंभर दिवस झाले. लॉबीत सकाळी, दुपारी, संध्याकाळी ऊन कुठे येतं ते आदल्या दिवशी खडूने जमिनीवर आखून घ्या. दिवा उभ्या रेषेशी ३० अंशांवर ठेवा, त्याहून आडवा गेला की काचेत बघणाऱ्याचाच चेहरा दिसतो.

कागदाला मागून दुहेरी चिकटपट्टी लावणाऱ्यांना माफी नाही. ती काही वर्षांत पिवळी पडून कागदात उतरते. जपानी कागदाच्या पातळ बिजागऱ्या, गव्हाच्या स्टार्चची खळ, आणि फक्त वरच्या कडेला. चारी बाजू चिकटवल्या तर दमटपणात कागद फुगायला जागा राहत नाही आणि पोचे येतात.

आणि चित्र ताब्यात घेताना समोरून, मागून आणि चारी कोपऱ्यांचे फोटो काढा, देणाऱ्यासमोरच. "हा ओरखडा आधीचाच होता" हा वाद तिथेच मिटतो.

फिरता_मंच

फारच उपयुक्त. दोन उपप्रश्न. प्रश्नोत्तरं हाताबाहेर जातात त्याचं काय करावं? आणि व्याख्यानाचं चित्रीकरण नंतर टाकायचं असेल तर?

पडद्यामागे

फिरता माईक स्वयंसेवकाने हातातून सोडायचा नाही. श्रोत्याच्या तोंडापुढे धरायचा, प्रश्न झाला की मागे घ्यायचा. माईक हातात गेला की प्रश्नाचं भाषण होतं. दोन माईक ठेवा, एक प्रश्न चालू असताना दुसरा पुढच्या माणसाजवळ पोचलेला हवा. मधल्या वाटेत स्टँडवर माईक ठेवून रांग लावणंही चालतं, पण व्हीलचेअरवरच्या किंवा मधोमध बसलेल्या श्रोत्याला तिथे पोचता येत नाही, त्यांच्यासाठी एक फिरता लागतोच. माईकशिवाय प्रश्न आला तर वक्त्याने तो पुन्हा उच्चारायचा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसती उत्तरं उरतात.

पहिल्या रांगेत एकाने १०, ५ आणि १ मिनिटाचे कागद दाखवायचे. परिचय दीड मिनिटात संपवा, आणि पाहुण्यांच्या नावाचा उच्चार त्यांनाच आधी विचारा.

लेसर_नको

चित्रीकरण: वक्त्याची परवानगी लेखी आणि आधी घ्या, त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: रेकॉर्ड करणं, थेट दाखवणं, नंतर कायम ठेवणं. पहिल्याला हो आणि तिसऱ्याला नाही असं होऊ शकतं. आवाज कॅमेऱ्याच्या माईकवर घेऊ नका, मिक्सरच्या वेगळ्या आउटपुटवरून घ्या. एलईडी दिवे चित्रात लुकलुकत असतील तर शटर विजेच्या वारंवारतेशी जुळवा: ५० हर्ट्झला १/५०, ६० ला १/६०.

चित्रपट दाखवणार असाल तर घरगुती स्ट्रीमिंगचं सदस्यत्व म्हणजे जाहीर प्रदर्शनाचा परवाना नव्हे. प्रवेश फुकट ठेवला म्हणून परवाना आपोआप मिळत नाही.

विंगेतून

वेळापत्रक उलटं मांडा. ६ ला पहिला सूर, ५.३० ला दरवाजे उघडणार, म्हणजे ५.२० ला साउंड चेक संपलेला. कलाकारांना दीड तास द्या, ३.५० ला सुरुवात. त्याआधी मंच बदलायला आणि तारा ओढायला दीड तास: २.२०. आणि एसी-दिवे षड्ज_पंचम यांनी सांगितल्याप्रमाणे ४ च्या आधी. म्हणजे सकाळच्या कार्यक्रमाने काही झालं तरी २ ला मंच सोडला पाहिजे. मधल्या वेळेत कोणी "फक्त दहा मिनिटं" म्हणून गटछायाचित्राला मंच मागितला तर बाहेरच्या पायऱ्या दाखवा.

तारा वाटेतून जात असतील तर कापडी गॅफर टेप, तारेच्या लांबीवर पूर्ण चिकटवून. खोक्यांना लावायची तपकिरी टेप उचकटते आणि तिचा चिकटा तारेवर राहतो.

नवखा_स्वयंसेवक

गुंडाळीवरची एक्स्टेंशन वायर आहे, ५० मीटरची. मंच २० मीटरवर आहे, तर ३० मीटर गुंडाळीवरच राहिली तर चालेल ना?

विंगेतून

नाही. वेटोळ्यात उष्णता बाहेर पडत नाही, दिव्यांच्या लोडवर आतलं आवरण वितळू शकतं. पूर्ण सोडा, उरलेली तार भिंतीकडेने मोठ्या सैल आठांमध्ये पसरवा. आपत्कालीन दरवाजासमोरून मात्र नको.

नवखा_स्वयंसेवक

समजलं. दुसरा दरवाजा मंचामागेच उघडतो, तिकडची भिंत मोकळी ठेवून डावीकडून नेतो.